टोपडं काढून पुण्याला

९ जाने.
आज मरता मरता वाचलो. लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मीच म्हणेन की एवढं काय नव्हतं.

सकाळी कुंभारीतनं निघालो, बायको म. मागं. पुढं उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही अंगांनी बाहेर लोंबतेला. रस्ता मोकळा वाटला. म. नं खांद्यावर थाप मारली, मी मूठ पिळली. गाडी बरोब्बर दोन ट्रॉल्यांच्या मधी आली आणि अडली. भुक् भुक् भुक्. मूठ पार शेवटपर्यंत पिळलेली आणि गाडी काय पुढं सरकंना. समोरनं एसटी. ब्रेक मारून कसाबसा परत ट्रॉलीच्या मागं घुसलो. उसाच्या पात्यानं कान कापला. एसटीवाला शिव्या देत गेला, त्याचं तोंड तेवढं हलताना दिसलं.

म. खाली उतरली.  डबा घेतला, वडापच्या जीपला हात केला आणि गेली. कारखान्यात पोचलो तर शिलाई खात्यात मशीनवर बसलेली, टॉवेलच्या कडा मारत. मान वर केली नाही. मी लूमवर गेलो. दिवसभरात पाना दोनदा पडला.

१० जाने.
म. वडापनं गेली. "तुमी जावा की," एवढंच म्हणाली.

घरात माझी आई, म्हणजे अव्वा, पोरं, टीव्ही. कारखान्यात मी लूमच्या खडखडाटात, ती तिकडं शिलाईत. आमचं नवरा-बायकोचं बोलणं काय ते गाडीवर. माझ्या कानाशी तोंड आणून कन्नडात सगळं सांगायची. पोरीचं काय चाललंय, अव्वाच्या गुडघ्याचं काय करायचं, शिलाईतली कुठली बाई कुणाशी बोलत नाही. अलीकडं गप्पच असायची म्हणा. थंडीचं तोंडाला पदर बांधून बसते, त्यानं असेल.

ठरलं. गाडी नीट करणार. अशी करणार की म. स्वतःहून येऊन मागं बसली पाहिजे.

१३ जाने.
नाक्यावर युनूसभाईकडं. दिवाळीत हा मोठ्या आवाजाचा सायलेन्सर आणि उघडा फिल्टर त्यानंच बसवून दिला होता. साडेतीनशे सीसीची गाडी, आवाज कसा पाहिजे, हे मीच म्हणालो होतो. जुना सायलेन्सर आणि फिल्टरचा डबा पोत्यात घालून माळ्यावर टाकलाय.

त्यानं स्क्रू ड्रायव्हर इंजिनाला लावला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. मग कार्बोरेटर खोलून पेट्रोल सोडणारा जेट बदलला, एक नंबर मोठा. म्हणाला, आता विमान. जुना जेट तपकिरीच्या डबीत ठेवून दिला. काही फेकत नाही तो.

विमान अक्कलकोट रोडवर दोन किलोमीटर चाललं. मधल्या वेगात परत तेच.

१६ जाने.
परत युनूसभाई. कार्बोरेटरची सुई वर घेतली. आता खालच्या वेगात बरी, वरच्या वेगात बसते.

१७ जाने.
सुई खाली घेतली. आता वर बरी, खाली बसते. युनूसभाई म्हणाला टोपडं काढून बघ.

आमच्या युनिटात उघड्या फिल्टरच्या गाड्यांना टोपडं घालायची पद्धतच आहे. टॉवेलच्या तुकड्याची पिशवी शिवायची आणि फिल्टरवर चढवायची, तान्ह्या पोराच्या डोक्यावर घालतात तशी. नाहीतर शेडमधला कापसाचा धुरळा फिल्टरमध्ये जाऊन बसतो. माझ्या गाडीचं टोपडं म. नं शिवलंय. तांबड्या काठाचा टॉवेल, दुहेरी कड, तोंडाला इलास्टिक. स्टँडवर लोक गाडी सोडून टोपडं बघतात.

काढलं.

२१ जाने.
चार दिवसात फिल्टर म्हाताऱ्याच्या डोक्यासारखा पांढरा. गाडी चढाला धापा टाकायला लागली. टोपडं परत चढवलं.

२४ जाने.
पुण्यात एकजण डायनोवर गाडी ट्यून करून देतो. मोबाईलवर त्याचे व्हिडिओ बघितले. गाडी रोलरवर बांधायची, मागलं चाक रोलर फिरवतं, आणि कुठल्या वेगाला किती ताकद मिळते, पेट्रोल जास्त जातंय का हवा, सगळं पडद्यावर रेघेनं दिसतं. रेघेत खड्डा दिसला की तितंच गाडी अडते. मग तेवढाच खड्डा भरायचा.

मला हे पटलं. लूमचं असंच असतं. धागा तुटतोय म्हणून सगळं खोलत बसायचं नाही, कुटं तुटतोय ते आधी बघायचं.

पैसे विचारले. ऐकून पाणी प्यायलो.

२६ जाने.
युनूसभाईला सांगितलं. चिडला. "रेसवालों का काम है वो. तेरेकू क्या रेस लगाने की है, सिद्धू?" मी म्हणलं रेस नाही लावायची, बायकोला मागं बसवायचं आहे.  मग म्हणाला, इथं बारा महिने धूळ, कापूस, उन्हाळ्यात भट्टी. पुण्याच्या हवेत केलेलं ट्यूनिंग इथं कसं चालेल? मुद्दा बरोबर वाटला. घरी येईपर्यंत वाटत होता. मग वाटलं, हा तीन वेळा चुकलाय आणि तिन्ही वेळा विमान म्हणालाय.

३० जाने.
जावं की न जावं. सहा दिवस झाले, लूमपाशी उभा असतो आणि डोक्यात हेच.

जायचं तर पैसे गेले, दोन दिवस गेले, आणि तो म्हणाला गाडीच तशी आहे, तर? न जायचं तर म. रोज वडापमध्ये दहा बायकांत दाबून बसून जाणार. काल पाऊल सुजलं होतं तिचं, कुणीतरी तुडवलं. मी विचारलं तर म्हणाली काय नाही. मी विचारलं की काय नाही, हे असं चाललंय आमचं.

तिला म्हणलं, पुण्याला जाऊन गाडी एकदम नीट करून आणतो, मशीनवर. भाकरी थापत होती. म्हणाली, "तुमच्या मनाचं करा की." हो पण नाही, नको पण नाही.

जाणार.

४ फेब्रु.
पुण्याला फोन करून वेळ घेतली. १८ तारीख. तिथला पोरगा मराठी बोलतो पण निम्मं इंग्रजी, दर वाक्याला सर. मला आजवर कुणी एवढ्या वेळा सर म्हणालं नव्हतं. मालक तर नावानं पण हाक मारत नाही, लूम दुरुस्त करतो म्हणून जॉबर म्हणतो.

अव्वाला कळलं. गाडीचं दुखणं काढायला पुण्याला चालला, माझा गुडघा सोलापूरला पण नेला नाही, असं शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली. तिचं पण खरंच आहे. मार्चमध्ये नेतो म्हणालो.

१७ फेब्रु.
गाडी धुतली. चेन साफ, टायरला हवा. टोपडं म. नं स्वतः धुऊन वाळत घातलं होतं, ते पण चढवलं. तिनं धुतलं म्हणजे राग उतरत चाललाय, असं मी धरून चाललोय.

१८ फेब्रु.
पहाटे निघालो, दहाच्या आत पुण्यात. वाटेत टेंभुर्णीला चहा.

दुकान म्हणजे दवाखाना. फरशी पांढरी, पोरांच्या अंगावर काळे टी-शर्ट, भिंतीवर परदेशी गाड्यांचे फोटो. पार्किंगमध्ये लाखालाखाच्या गाड्या. मी हेल्मेट काढलं आणि माझी नजर माझ्याच गाडीवर गेली. फिल्टरवर तांबड्या काठाचं टोपडं. शेजारच्या गाडीचा मालक त्याच्याकडं बघत होता. हसला पण नाही, नुसता बघत होता. मी वाकलो, टोपडं ओढून काढलं आणि जाकिटाच्या खिशात कोंबलं.

आत गाडी पट्ट्यांनी बांधली. पुढं हा मोठा पंखा, सायलेन्सरच्या तोंडात नळी. त्या पोरानं मूठ पिळली, अख्खं दुकान हादरलं. पडद्यावर रेघ चढली आणि मधे खड्डा. स्वच्छ दिसत होता. तो बघून मला इतकं बरं वाटलं की डोळ्यात पाणी यायचं बाकी होतं. म्हणजे मी खोटं बोलत नव्हतो. फक्त खड्डा मला वाटला होता त्याच्या जरा पुढं होता. ते त्याला सांगितलं नाही.

त्यानं विचारलं, "सर, इनटेकवर अजून काही लावता का? कव्हर वगैरे?"

नाही म्हणालो.

जेट बदलले, सुई हलवली, परत परत रोलरवर पळवली. दुपारपर्यंत खड्डा गेला. रेघ नुसती चढत गेली, घाटासारखी. कागदावर छापून दिली. येताना गाडी लोण्यातनं जावं तशी आली. मोडनिंबजवळ एक ट्रक, एक टँकर, सगळे मागं टाकले. मोठ्यानं गाणं म्हणत आलो, हेल्मेटमध्ये.

१९ फेब्रु.
म. ला कागद दाखवला. बघितला. उद्या मागं बस म्हणलं. म्हणाली आधी तुमी दोन दिवस चालवा. चालेल. रेघ आपल्या बाजूनं आहे.

२१ फेब्रु.
सत्यानाश.

सकाळी खिशातलं टोपडं आठवलं, ते चढवून कामावर. नाक्यापर्यंत ठीक, पुढं मूठ पिळली की भक् भक्, मागं काळा धूर. पूर्वीपेक्षा वाईट. पुण्याच्या त्या पोराला मनातल्या मनात काय काय म्हणालो ते इथं लिहीत नाही. लुटलं म्हणत म्हणत कारखान्यात पोचलो. लूमच्या मालाला पण शिव्या दिल्या, त्याचा काय संबंध नसताना.

जेवणाच्या सुट्टीत टोपडं झटकायला म्हणून काढलं आणि तसाच एक चक्कर मारला. लोणी. परत चढवलं, भक् भक्. परत काढलं, लोणी.

तिथंच रस्त्याच्या कडेला गाडी लावून बसलो. खड्डा का पुढं सरकला होता ते आत्ता कळलं. मी पुण्याला दुसरीच गाडी नेली होती. टोपडं नसलेली. ती गाडी इथं चारसुद्धा दिवस चालणार नाही.

२२ फेब्रु.
पुण्याला फोन केला. खरं ते सांगितलं. पोरगा हसला नाही, हे त्याचं चांगलं. "सर, जशी रोज चालवता तशीच आणायची ना. मशीनला काय, जे दिलं ते मोजणार." परत या म्हणाला, जेटचे पैसे घेणार नाही, फक्त रोलरचे.

युनूसभाई मात्र पोट धरून हसला. मग म्हणाला, मी पण टोपड्याचा विचार केला नव्हता नीट, नुसतं काढ म्हणालो. एवढं कबूल केलं त्यानं, पुष्कळ झालं.

परत जाणार. ह्यावेळी टोपडं घालून. कुणाला काय बघायचंय ते बघू दे.

२३ फेब्रु.
म. ला सगळं सांगितलं. पार्किंगमधलं पण.

तिनं विचारलं, लाज वाटली? व्हय म्हणालो. माझ्या शिवणाची? तुझ्या शिवणाची नाही, माझी मलाच.  तव्यावरची भाकरी करपली, ती पण तिनं तशीच टोपलीत टाकली. मला लई वाईट वाटलं. दुहेरी कड मारली होती तिनं, स्वतःच्या सुट्टीत बसून.

२५ फेब्रु.
परत पुण्याला जायचं म्हणून पैशाची जुळवाजुळव बोलत होतो. अव्वा देवळात गेलेली, पोरं बाहेर. म. नं कपडे घडी करता करता हात थांबवला.

म्हणाली, तुमाला काय वाटतं, गाडी अडली म्हणून मी उतरले?

म्हणलं, मग?

"ट्रॅक्टर दिसला तेवा मी ब्याड्री म्हणाले. दोनदा. तुमाला ऐकू गेलं न्हाय. मग खांद्यावर मारलं. तुमी मूठ पिळली."

मला थाप वाटली होती. चल म्हणतेय असं वाटलं होतं. ब्याड्री, म्हणजे नको हो, एवढंच म्हणत होती.

मग सगळं बाहेर आलं. दिवाळीपासनं ती बोलायची थांबलीय. आधी बोलायची, मी हं हं करायचो, पण भलत्याच ठिकाणी. एकदा पोरीच्या फीचं सांगत होती आणि मी हसलो. त्या सायलेन्सरपुढं तिचा घसा बसायचा. मग गप्प बसायला लागली. "गाडीवर बसून गप्पच बसायचं तर वडाप काय वाईट? तितं बायका तरी बोलतात."

मी थंडीचं कारण काढलं होतं.   बाहेर कुणाचीतरी गाडी गेली, मोठ्या आवाजाची, आणि दोघंही ती जाईपर्यंत थांबलो.

२७ फेब्रु.
दोन दिवस राग. तिच्यावर, की आधी का नाही बोलली. मग लक्षात आलं, बोललीच होती की. मग माझ्यावर. मग युनूसभाईवर. मग त्या कागदावर. एवढं सगळं मोजलं त्या मशीननं, आणि

जाऊ दे. माळ्यावरनं पोतं काढलं.

१ मार्च
युनूसभाईनं जुना सायलेन्सर बसवला, जुना डबाबंद फिल्टर बसवला. त्यात टोपड्याची गरज नाही. पुण्याचे जेट ठेवले तर धूरच धूर, म्हणून तपकिरीच्या डबीतनं जुना जेट काढला. अजून होता. तपकिरीचा वास येतोय त्याला.

घरी आणून चालू केली. अंगणात उभी राहून अव्वा म्हणाली, सुरू कर की. सुरूच होती.

चालवून बघितली. जोर कमी. मधल्या वेगात अजून थोडी बसते, पूर्वीसारखी नाही, पण बसते. पुण्याची रेघ आठवली आणि जीव हळहळला, खोटं कशाला बोलू. दोन दिवस का होईना, लोणी होतं.

युनूसभाई म्हणाला, एवढ्यावर भागतं, कशाला जातोस परत. तिकडनं पुण्याच्या पोराचा मेसेज, सर, येणार असाल तर पुढच्या आठवड्यात जागा आहे. जुना सायलेन्सर असला तरी करून देतो, उलट सोपं जाईल म्हणतो. कुणालाच उत्तर दिलं नाही.

टोपडं म. नं नेलं. परत धुऊन अव्वाच्या गुडघ्याला बांधलं, आत गरम मीठ घालून. अव्वा खूश.

३ मार्च
सकाळी गाडी काढली. म. डबा घेऊन बाहेर आली, वडापच्या दिशेनं दोन पावलं गेली, थांबली. गाडीचा आवाज ऐकत उभी राहिली. मग आली आणि बसली. मी बोललो असतो तर उतरली असती.

  अर्ध्या रस्त्यात कानाशी म्हणाली, पोरीला नर्सिंगला जायचंय, तुमाला सांगायचं धाडस होत नाही तिला. ऐकू आलं. शब्दन् शब्द. मी हं म्हणालो, ह्यावेळी बरोबर ठिकाणी.

पुढं उसाचा ट्रॅक्टर. दोन ट्रॉल्या. रस्ता मोकळा. हात आपोआप मूठ पिळायला गेला.

"ब्याड्री," म. म्हणाली. हळूच म्हणाली.

मागंच राहिलो. एमआयडीसीच्या वळणापर्यंत उसाची पाती तोंडावर खात, पहिल्या गिअरमध्ये. गाडी मधेच एकदा बसली, म. ला पण जाणवलं. कामावर उशीर झाला, मालक घड्याळाकडं बघत होता.

गेटपाशी उतरताना तिनं विचारलं, "पुण्याला किती वेळ लागतो गाडीवर?"

पाच तास, म्हणालो.

तिनं पदर सारखा केला, डबा ह्या हातातनं त्या हातात घेतला. "बरंच बोलून होईल की," म्हणाली, आणि शिलाईत गेली.